घारापुरीतील बोटांचे ठसे : प्रकल्पाच्या नोंदी, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४

घारापुरी बेटावरच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांतील लोकांची काही शारीरिक मापे, दोन-तीन आनुवंशिक लक्षणे आणि दहाही बोटांचे ठसे घेण्याचे काम मी पदव्युत्तर प्रबंधासाठी केले. पुस्तकात ठसे घेण्याची पद्धत दीड पानात संपते, पण ती माझ्या हातात बसायला पाच आठवडे गेले. प्रबंधात या पाच आठवड्यांना जागा नाही, म्हणून असेच काम हाती घेणाऱ्यांसाठी या नोंदी जशाच्या तशा ठेवत आहे. निष्कर्ष येथे दिलेले नाहीत. ते तपासून झाल्यावर आधी गावात वाचून दाखवायचे, असे ठरले आहे.

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

सोमवारी गुंफा बंद असतात, त्यामुळे एरवी धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत टोप्या, मके, काकड्या विकणारी माणसे घरी भेटतील, असा हिशेब करून सोमवार निवडला होता. गुंफाच बंद म्हटल्यावर गेटवेहून पर्यटकांच्या लाँचही सुटत नाहीत, ही साधी गोष्ट मात्र सकाळी नऊ वाजता गेटवेवर पोहोचल्यावर लक्षात आली. मग भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या बाजूच्या मोऱ्याची (बेटावरचे मोराबंदर वेगळे) लाँच आणि मोऱ्याहून गावातल्या एकाच्या होडीने बेट, अशी वाट काढली. मोऱ्याला ओहोटी लागली होती, गाळामुळे लाँच बराच वेळ बाहेरच थांबली, आणि मी शेतबंदरला उतरले तेव्हा दोन वाजून गेले होते.

काम काहीच झाले नाही, परंतु ओळखी झाल्या. बारावीला असलेली एक मुलगी मदतीला तयार झाली; तिला दिवसाला ३०० रुपये ठरले. सोमवारी यायचे असेल तर रविवारच्या शेवटच्या लाँचने येऊन मुक्काम करायचा, हेही तिनेच सांगितले.

७ नोव्हेंबर, मंगळवार

शिक्क्याची शाई वापरली आणि दिवस फुकट गेला. स्टॅम्प पॅड सोपे, स्वस्त आणि स्वच्छ वाटले होते, पण ती शाई पातळ असते. ती बोटावरच्या उंचवट्यांवर न थांबता मधल्या खाचांत उतरते, आणि कागदावर रेषांच्या जागी निळा डाग उमटतो. अकरा जणांचे मिळून ११० ठसे घेतले; रात्री भिंगाखाली पाहिले तेव्हा त्यांतले धड वाचता येण्याजोगे तीसही नव्हते. त्या अकरा जणांकडे पुन्हा जाऊन ‘चुकले’ म्हणून सांगावे लागणार आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून केबल आली, तोवर या बेटावर संध्याकाळचे दोन-तीन तास जनरेटर, एवढीच वीज होती. रात्री साडेदहाला टेबललॅम्पच्या उजेडात आपली चूक इतकी स्पष्ट दिसण्याची सोय आता झाली आहे.

२० नोव्हेंबर, सोमवार

पुण्याहून छपाईची काळी, घट्ट शाई (३८० रुपये), रबरी रोलर (९०० रुपये) आणि फुटभर लांबीची काच (१५० रुपये) आणली. शाई काचेवर वाटाण्याएवढी घेऊन रोलरने इतकी पातळ पसरायची की काचेखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राचा मथळा तिच्यातून पुसट दिसला पाहिजे. मथळा दिसत नसेल तर शाई जास्त झाली. रोलर बोटावर न फिरवता बोटच काचेवर आणि मग कागदावर फिरवायचे, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि एकदाच. अंगठे शरीराच्या दिशेने आणि बाकीची बोटे शरीरापासून बाहेरच्या दिशेने वळवली तर मनगटाला पीळ पडत नाही आणि ठसा फरफटत नाही. समोरच्या माणसाने मदत करू नये, हात सैल सोडावा, हे प्रत्येकाला दोनदा सांगावे लागते, कारण बहुतेक जण कार्यालयात अंगठा देतात तसा जोर लावतात.

ठसे उत्तम आले, पण कागद चुकला. मी गुळगुळीत आर्ट कार्ड घेतले होते. त्यावर ही शाई मुरत नाही, आणि खाऱ्या दमट हवेत ती रात्रभर ओलीच राहिली. एकावर एक ठेवलेले १४ तक्ते सकाळी एकमेकांना चिकटले होते. आता साधा, जाडसर मॅपलिथो कागद वापरते आणि तक्ते दोरीवर चिमट्यांनी वाळत घालते. हात पुसायला केरोसीनचा बोळा नेला होता, त्याच्या वासाने मुले पळाली. आधी खोबरेल आणि मग साबण हा क्रम सर्वांना चालला.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज एकही ठसा घेतला नाही. राजबंदरच्या एका काकांनी संमतिपत्र हातात घेऊन शांतपणे विचारले, ‘आंगठा घेऊन जमीन कोनाचे नावावर करताव?’

मला आधी हसू आले आणि मग आले नाही. हे बेट उरण तालुक्यात येते. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जण गेले. या भागातल्या घराघरात ती आठवण आहे, आणि कागदावर अंगठा उठवणे म्हणजे काय याचा लोकांचा अनुभव माझ्या अभ्यासक्रमापेक्षा जुना आहे. तसे पाहिले तर हिंदुस्थानात सरकारी कामासाठी हाताचा ठसा घेण्याची सुरुवातच अविश्वासातून झाली: १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो पुढे त्याला करार नाकारता येऊ नये म्हणून.

संमतिपत्रात ‘आनुवंशिक वैविध्याच्या अभ्यासार्थ अंगुलिमुद्रांचे संकलन’ असे वाक्य होते. ते माझे मलाच आवडले होते. ज्यांना सही येत नाही त्यांनी संमती म्हणून अंगठा द्यावा, अशीही त्यात सोय होती. म्हणजे अंगठा देण्याची भीती वाटणाऱ्याला ‘भीती नाही’ असे अंगठ्यानेच लिहून द्यायला सांगण्यासारखे झाले.

पुढचे तेरा दिवस कागद बदलण्यात गेले. आता ठशांच्या तक्त्यावर छापील मजकूर, नाव, गाव यांपैकी काहीही नसते, फक्त क्रमांक असतो. नावे आणि क्रमांक जोडणारी वही वेगळी, कुलपात असते. संमतिपत्र बोलीच्या जवळच्या भाषेत वाचून दाखवायचे, सही न येणाऱ्यांची तोंडी संमती साक्षीदारासमोर ध्वनिमुद्रित करायची, आणि तक्त्याची एक प्रत त्याच दिवशी त्याच घरात ठेवायची, याला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळवली. काकांनी नंतर ठसे दिले, परंतु कोऱ्या राहिलेल्या जागेवर स्वतः आडवी रेघ मारून.

४ डिसेंबर, सोमवार

उंची आणि डोक्याची मापे. कोबा केलेल्या ओट्यांना पाणी वाहून जावे म्हणून उतार असतो, त्यामुळे उंचीची पट्टी भिंतीला सरळ लावली तरी माणूस तिरका उभा राहतो. शेवटी सुताराची पाणसळ आणि एक जाड फळी बरोबर बाळगायला लागले. दिवसभरात माणसाची उंची सेंटिमीटरभराने कमी होते, म्हणून सकाळी मापलेले आणि संध्याकाळी मापलेले एकत्र करता येत नाहीत. मी वेळ लिहायला सुरुवात केली ती २२ जण मापून झाल्यावर. ती मापे बाद धरली आहेत.

नाकाची मापे घेतली नाहीत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी नाकाच्या लांबी-रुंदीवरून जातींची उतरंड मांडली होती, आणि ज्या मापाचा माझ्या प्रश्नाशी संबंध नाही ते केवळ उपकरण हाताशी आहे म्हणून घ्यावे, असे मला वाटले नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

पीटीसी (फेनिलथायोकार्बामाइड) या रसायनाच्या कागदाची चव काहींना कडू लागते, काहींना लागत नाही, आणि हा फरक बराचसा आनुवंशिक असतो. शाळकरी मुलांना ओळीत बसवून पट्ट्या दिल्या. पहिल्या मुलाने तोंड वेडेवाकडे केले आणि पुढच्या सतरा जणांनी त्याहून जास्त केले. एकाने तर पट्टी जिभेला लावण्याआधीच थुंकून दाखवले. आता एकेकाला आत बोलावून आधी कोरी पट्टी, मग औषधाची पट्टी देते, आणि कोऱ्या पट्टीलाही ‘कडू’ म्हणणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवते. मोठ्या बायकांत मिश्रीमुळे जिभेवर आधीच एक चव असते. चूळ भरून वीस मिनिटे थांबल्याशिवाय उत्तर धरत नाही.

कानाच्या पाळ्यांचे लक्षण सोडून दिले. वर्षानुवर्षे जड दागिने घातलेल्या आज्यांच्या पाळ्या ओघळलेल्या असतात, आणि तरुणांतही ‘चिकटलेली’ आणि ‘सुटी’ असे दोनच प्रकार प्रत्यक्षात दिसत नाहीत, मधल्या सर्व पायऱ्या दिसतात.

११ डिसेंबर, सोमवार

या प्रकल्पाचा खरा प्रश्न आज समोर आला. मोराबंदरच्या एका आजींनी हात पुढे केला आणि आधीच सांगून टाकले, ‘रेशनचे मशीनला माझा आंगठा कलत नाय, तुला काय कलंल?’

त्यांचे म्हणणे खरे निघाले. त्या आयुष्यभर खडकावरची कालवे काढत आणि फोडत आल्या आहेत. उजव्या हातात कोयती असते, आणि डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत शिंपला. त्याची कड, मीठ आणि पाणी रोज त्याच दोन बोटांवर घासतात. कागदावर त्या दोन बोटांचे काळे, सपाट ठिपके उमटले, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखे. त्यांतून चार-पाच पांढऱ्या भेगा आडव्या गेल्या होत्या, आणि नखाच्या कडेला तेवढ्या तीन रेषा शिल्लक होत्या. इतर बोटेही पुसट, पण वाचता येत होती. त्यानंतर दिवसभरात चाळिशीपुढच्या आणखी सहा बायकांच्या हातांत हेच दिसले.

मी केलेले उपाय असे. कोमट पाण्यात हात भिजवले, तर कातडी सुरकुतली आणि ठसा आणखी बिघडला. तेल लावले, तर शाई घसरली. दाबून घेतले, तर उरलेसुरले उंचवटेही चपटे झाले. नेहमीच्या निम्म्याहून कमी शाई आणि जवळजवळ न दाबता फिरवलेले बोट, एवढ्यानेच थोडा फरक पडला.

आजींनी आवरताना विचारले, ‘चक्रां किती हान?’ आपल्याकडे भोवऱ्यासारख्या ठशाला चक्र आणि एका बाजूने आत येऊन त्याच बाजूने परत फिरणाऱ्या ठशाला शंख म्हणतात, आणि दहा चक्रे असलेला राजा होतो म्हणतात, हे बेटावर पोरासोरांनाही ठाऊक आहे. लोक ठसे द्यायला तयार झाले त्यात माझ्या संमतिपत्रापेक्षा या कुतूहलाचा वाटा मोठा असावा. आठ बोटांतली पाच, असे मी सांगितले.

१८ आणि १९ डिसेंबर

पेन्सिल आणि चिकटपट्टीची पद्धत. मऊ शिशाची पेन्सिल कागदावर गडद घासून त्या भुकटीवर बोट फिरवायचे, बोटावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि ती सोलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची. शाईत न दिसणाऱ्या रेषाही यात दिसतात. चार रोल २२० रुपये. दोन दिवसांत १९ जणांचे ठसे या पद्धतीने घेतले आणि फार समाधानाने पुण्याला परतले.

८ जानेवारी २०२४, सोमवार

वाचन सुरू. शंखाचे तोंड करंगळीकडे उघडते की अंगठ्याकडे, हे प्रत्येक बोटाला लिहावे लागते. अंगठ्याकडे तोंड असलेले शंख एकूण थोडे असतात, आणि असले तर बहुतेक तर्जनीवर. अनामिका आणि करंगळीवर ते अत्यंत विरळ. माझ्या तक्त्यांत मात्र क्रमांक ६३ पासून करंगळ्यांवरही तेच दिसू लागले. बेटावर काही विलक्षण सापडले आहे, या भ्रमात मी दुपारभर होते. संध्याकाळी चहा घेताना ६३ हा आकडा कुठे पाहिला आहे ते आठवले: चिकटपट्टीचे ठसे तिथून सुरू होतात.

चूक अशी. शाई लावलेले बोट कागदावर टेकवले की त्याची उलटी प्रतिमा उमटते, आणि वाचनाचे सर्व नियम त्या उलट्या प्रतिमेसाठी आहेत. चिकटपट्टीवरही उलटी प्रतिमाच येते, पण ती पट्टी पालथी घालून कागदावर चिकटवली आणि पाठीमागून पाहिली की प्रतिमा पुन्हा फिरते आणि बोट जसे समोरून दिसते तशी होते. म्हणजे १९ जणांचे डावे-उजवे बदलले होते. मोबाइलने बोटाचा थेट फोटो काढणाऱ्यांचीही हीच गत होईल. पट्टी पांढऱ्या कागदाऐवजी पारदर्शक प्लास्टिकवर चिकटवून प्लास्टिकच्या बाजूने पाहिली तर प्रश्नच उरत नाही. मी आधीचे तक्ते तसेच ठेवले, त्यांचा उजवा कोपरा कापला आणि वाचताना आरसा वापरला. दोन दिवस गेले.

याच झडतीत आणखी एक गोष्ट सापडली: तीन तक्त्यांत डाव्या हाताची बोटे करंगळीपासून सुरू केलेली होती. पोलिसांच्या अंगुलीमुद्रा पत्रिकेवर फिरवून घेतलेल्या दहा ठशांखाली चार बोटे एकत्र टेकवून घेतलेला ठसा असतो, तो यासाठीच. क्रम चुकला तर तिथे पकडता येतो. मी तो ‘जागा वाचवण्यासाठी’ गाळला होता.

१२ जानेवारी, शुक्रवार

ही चूक अधिक गंभीर, कारण ती डोळ्यांना दिसणारी नव्हती. तीन दिशांच्या रेषा एकत्र येतात त्या त्रिकोणापासून, म्हणजे डेल्टापासून, ठशाच्या गाभ्यापर्यंत सरळ रेघ धरून मधल्या रेषा मोजतात. कमानीच्या ठशात, म्हणजे ज्यात रेषा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जातात त्यात, मोजण्याजोगे काही नसते, म्हणून तिथे शून्य लिहितात. काम वाचावे म्हणून मी एक्सेलमध्ये सूत्र घातले होते: रेषांची संख्या शून्य असेल तर प्रकार ‘कमान’. ज्या बोटांचा ठसा वाचता आला नाही ती घरे मी रिकामी सोडली होती, आणि एक्सेल रिकामे घरही शून्यच समजते.

त्यामुळे आजींची कालवे फोडून झिजलेली दोन्ही बोटे माझ्या तक्त्यात कमानी म्हणून बसली, आणि तशाच इतर सर्व बायकांचीही. बेटावरच्या बायकांत पुरुषांपेक्षा कमानी पुष्कळ जास्त, असा देखणा फरक तयार झाला होता. बायकांत कमानी थोड्या अधिक असल्याचे इतरत्रही आढळते, त्यामुळे मला संशयसुद्धा आला नाही. उलट पुस्तकाला दुजोरा मिळाला म्हणून आनंद झाला. हे उघडकीला आले तेही केवळ ‘आजींना मी आठ बोटे सांगितली होती, इथे दहा कशी?’ एवढ्यावरून.

सूत्र काढून टाकले. आता प्रत्येक घरात काहीतरी लिहिलेलेच असते: संख्या, किंवा ‘अवाचनीय’. परंतु तेवढ्याने भागत नाही. पुसट बोटे कुणाचीही, कुठलीही नाहीत; ती राबणाऱ्या, वयाने मोठ्या बायकांची आहेत, आणि त्यांतही अंगठा आणि तर्जनी जास्त. तर्जनीवर ठशांची विविधता सर्वांत अधिक असते, कमानी आणि अंगठ्याकडे तोंड असलेले शंख बहुतेक तिथेच सापडतात. अशी माणसे सरसकट वगळली तर उरते ते गावाचे चित्र नव्हे, ज्यांचे हात शाबूत आहेत त्यांचे चित्र. आणि फक्त ती बोटे वगळली तर विविधताच खाली येते. त्यामुळे प्रबंधात प्रत्येक बोटाची गणना स्वतंत्र द्यायची, आणि शेजारी ‘अवाचनीय’ किती, कोणत्या कामाच्या माणसांचे, हे द्यायचे, असे मार्गदर्शकांशी बोलून ठरवले. दहा बोटांवरच्या रेषांची बेरीज ज्यांची दहाही बोटे वाचता आली त्यांचीच केली आहे.

२९ जानेवारी, सोमवार

नातेसंबंधांची वही पूर्ण केली. ९४ जणांपैकी कितीतरी एकमेकांचे सख्खे, चुलत, मावस. सख्ख्या भावंडांच्या ठशांत साम्य असते, म्हणून प्रमाण काढताना प्रत्येक भावंडांच्या गटातून एकच व्यक्ती चिठ्ठी टाकून निवडली. त्यामुळे संख्या ६१ वर आली, आणि १२० चे उद्दिष्ट आता फार लांबचे वाटते. शिवाय लग्न होऊन आलेल्या पुष्कळ जणींचे माहेर खाडीपलीकडे, उरण-पनवेलच्या गावांत आहे. पाण्याने वेढलेले म्हणून गाव एकटे असते, हे मी प्रस्तावात लिहिलेले वाक्य खोडले.

‘मग आम्ही इथले मूळचे का, ते निघंल ना?’ असे एकाने विचारले. निघणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले. ठशांचे नमुने गर्भात चौथ्या महिन्यापर्यंत ठरतात, त्यात आनुवंशिकतेबरोबर गर्भातल्या परिस्थितीचाही वाटा असतो, आणि तेच तीन प्रकार जगभर सापडतात. कोण कुठून कधी आले, हे त्यांवरून सांगता येत नाही. ते निराश झाले, पण चहा दिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

शेवटची फेरी. आजवरचा खर्च: साहित्य ३,१५०, प्रवास आणि मुक्काम ९,४००, मदतनीस ४,२०० रुपये. यांतले निदान एक तृतीयांश चुकलेल्या दिवसांवर गेले.

मोराबंदरच्या आजींकडे मुलाच्या मुलाचे लग्न होते, म्हणून तीन आठवडे त्या कालवांना गेल्या नव्हत्या. नमुन्याचे मूळ वरच्या कातडीच्या खाली असते, त्यामुळे कातडी नवी आली की रेषा परत दिसू लागतात, एवढ्या आशेवर ठसे पुन्हा घेतले. हळदीने हात अजून पिवळे होते. त्याने काही बिघडत नाही. तर्जनीवर या वेळी मधोमध सहा-सात रेषा आणि एका बाजूला डेल्टा स्पष्ट आला: शंख, तोंड करंगळीकडे. अंगठ्यावर मात्र कडेच्या रेषांपलीकडे काही नाही.

‘म्हंजे चक्रां पाचच?’ त्यांनी विचारले. नऊ बोटांत पाच, आणि एक कळत नाही, असे मी म्हटले. ‘मंग त्यो पन चक्रच लिव, कोन बगतंय.’ मी ‘अवाचनीय’ लिहिले आणि त्यांची प्रत फळीवरच्या डब्याखाली ठेवली.